पचेल तेवढी मेहनत

तालमीच्या बोलीत ‘पचणे’ हे क्रियापद अन्नापुरते मर्यादित नाही. खुराक पचावा लागतो तशी मेहनतही पचावी लागते, असे वस्ताद मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत, आणि व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्राने विसाव्या शतकात प्रयोगांनी जे दाखवून दिले त्याचा गाभा या एका शब्दात आधीच आलेला आहे. व्यायाम चालू असताना शरीर बलवान होत नसते. त्या वेळी ते थकत असते, स्नायूंच्या तंतूंवर ताण येत असतो, त्यांच्यातील साखरेचा साठा खर्च होत असतो, आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत झोप व आहार यांच्या बळावर ही तूट भरून काढताना ते पूर्वीपेक्षा किंचित अधिक सक्षम बनते. जी मेहनत अशी भरून निघते ती पचली, आणि जी भरून निघण्याआधीच तिच्यावर दुसरी मेहनत येऊन पडते ती अंगावर आली, एवढा साधा हा हिशेब आहे. कोल्हापुरातील एका मध्यम आकाराच्या व्यायामशाळेत वीस वर्षांहून अधिक काळ पुरुषांना बलसंवर्धनाचे, म्हणजे वजनाच्या किंवा स्वतःच्या शरीराच्या भाराविरुद्ध स्नायूंना काम करायला लावून ताकद वाढवण्याचे, शिक्षण देत आलेल्या एका प्रशिक्षकाचा अनुभव या हिशेबाभोवतीच फिरतो. पुरुषांना मेहनतीला लावणे त्याला कधी अवघड गेले नाही, त्यांना वेळेवर थांबवणे मात्र आजही अवघड जाते.

कोल्हापुरात या विषयाला शंभर वर्षांहून मोठी पार्श्वभूमी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, काळाईमाम अशा तालमींमधून गावोगावची मुले भल्या पहाटे घाम गाळू लागली. या तालमींच्या व्यायामपद्धतीकडे आजच्या प्रशिक्षणशास्त्राच्या नजरेने पाहिले तर तिची रचना फार विचारपूर्वक झालेली दिसते. जोर, म्हणजे हात आणि पायांचे चवडे जमिनीवर टेकवून, छाती जमिनीलगत पुढे नेत उठण्याचा प्रकार, छाती, खांदे आणि दंडांची मागची बाजू यांना काम देतो; बैठक मांड्या आणि दम तयार करते; परंतु या दोहोंत ओढण्याची क्रिया जवळजवळ नाही. ती उणीव तालमीत इतर कामांनी भरून निघत असे, कारण हौद्यातील तांबडी माती फावड्याने खणून वरखाली करावी लागे, दोर चढावा लागे, आणि प्रत्यक्ष लढतीत जोडीदाराला ओढणे, उचलणे, दाबून धरणे चालूच असे. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मऊ केलेली ती माती खणणे हा पाठ, खुबे आणि मनगटे यांचा पुरेपूर व्यायाम होता, जरी त्याला कोणी व्यायाम म्हणत नसे. कुस्ती सुटली आणि जोर-बैठका तेवढ्या राहिल्या, तेव्हा ही उणीव उघडी पडली. घरी रोज दोनशे जोर काढणारा तरुण व्यायामशाळेत येतो तेव्हा त्याची छाती भरलेली असते, खांदे मात्र पुढे झुकलेले असतात, आणि आडव्या दांडीला लोंबकळून त्याला स्वतःला एकदाही वर ओढता येत नाही. प्रशिक्षकाने हे इतक्या वेळा पाहिले की अशा तरुणाला पहिले तीन महिने ढकलण्याच्या एका व्यायामामागे ओढण्याचे दोन व्यायाम द्यायचे, असा त्याने नियमच करून टाकला.

व्यायामशाळेत आरसा आला आणि व्यायामाचे माप बदलले, हेही नोंदवले पाहिजे. युजेन सँडो हा शरीरप्रदर्शनासाठी जगभर गाजलेला मल्ल विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येऊन गेला, आणि बिनबाह्यांच्या बनियनला आजही आपण त्याच्याच नावाने ओळखतो. तालमीत ताकदीचा निवाडा समोरचा मल्ल करत असे. सँडोनंतरच्या व्यायामात तो बघणाऱ्याच्या डोळ्यांनी होऊ लागला. आरशात दिसणाऱ्या बदलाची ओढ तरुणाला व्यायामाला चिकटवून ठेवते, म्हणून तिला कमी लेखण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की आरशात छाती आणि दंड दिसतात. पाठ, नितंब आणि मांडीची मागची बाजू दिसत नाही, आणि उचलणे, चालणे, घसरताना सावरणे या आयुष्यभराच्या कामी हेच न दिसणारे स्नायू येतात. अंगाने किरकोळ असल्याची लाज घेऊन येणाऱ्या मुलांना प्रशिक्षक खाशाबा जाधवांची आठवण करून देतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोंपर्यंतच्या मल्लांमध्ये. ताकद आणि आकारमान यांचा संबंध आहे, पण तो मुलांना वाटतो तितका घट्ट नाही.

व्यायामशाळेत दरवर्षी सर्वांत घाईने येणारा वर्ग पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांचा असतो. पुरुष उमेदवारांच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर आणि १०० मीटर धावण्याबरोबर ७.२६ किलोंचा गोळा फेकावा लागतो, आणि गोळा हाताने फेकायचा असल्यामुळे तो खांद्याच्या जोरावर जातो असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात गोळ्याला मिळणारा वेग मागच्या पायाच्या तळव्यापासून सुरू होतो, गुडघा आणि खुबा सरळ होताना वाढतो, धडाच्या पिळातून पुढे सरकतो आणि हात त्याला केवळ शेवटचा धक्का देतो. म्हणून खांद्यावर रॉड घेऊन केलेली बैठक, म्हणजे स्क्वॉट, आणि जमिनीवरून वजन उचलणे, म्हणजे डेडलिफ्ट, या दोन व्यायामांनी गोळ्याचे अंतर जितके वाढते तितके ते नुसत्या दंडाच्या व्यायामाने वाढत नाही. ही गोष्ट मुलांना पटते, परंतु जाहिरात निघाल्यावर आलेल्या मुलाजवळ ती अंगी बाणवायला वेळ नसतो, आणि तिथेच चुका होतात.

त्यांपैकी एक चूक प्रशिक्षकाची स्वतःची होती आणि ती सविस्तर सांगणे आवश्यक आहे. भरतीसाठी आलेला एक बावीस वर्षांचा तरुण पहिल्याच संध्याकाळी जुन्या मुलांशी ईर्षेला पडला आणि त्याने अर्ध्या-पाऊण तासात चारशेहून अधिक बैठका मारल्या. प्रशिक्षक त्या वेळी पलीकडे दुसऱ्या गटाला बेंचवर शिकवत होता, मोजणाऱ्यांचा आवाज त्याच्या कानावर पडत होता, आणि मुलाचा दम पाहून त्याला कौतुकच वाटले. दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशी तो भिंतीचा आधार घेत, पाय वाकवता येत नसल्यामुळे पायऱ्या आडव्या अंगाने उतरत आला; त्याच्या मांड्या सुजून दगडासारख्या टणक झाल्या होत्या, आणि बाजूला घेऊन विचारल्यावर त्याने संकोचत सांगितले की सकाळपासून लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होत आहे. त्याला तडक रुग्णालयात नेण्यात आले. डॉक्टरांनी निदान केलेल्या या अवस्थेला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यांच्यातील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते, आणि ते गाळताना मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका निर्माण होतो. शिरेतून भरपूर सलाइन देऊन त्या मुलाची मूत्रपिंडे वाचली, पण त्या वर्षीची भरती त्याच्या हातून गेली. त्याच्या मनगटात आणि मनात जेवढी हिंमत होती तेवढी त्याच्या मांड्यांना सवय नव्हती, आणि हा फरक ओळखणे हे त्या मुलाचे काम नव्हते, ते शिकवणाऱ्याचे होते. त्या दिवसापासून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात दहा-दहा बैठकांच्या तीन फेऱ्यांपलीकडे जाऊ दिले जात नाही, मग तो कितीही धडधाकट असो. आणि व्यायामानंतर स्नायू आखडणे स्वाभाविक असले तरी सूज, कमालीची अशक्तता आणि गडद लघवी ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जायचे असते, हे प्रवेशाच्या दिवशीच स्पष्ट शब्दांत सांगितले जाते.

या शिस्तीमागे आणखी एक कारण आहे. व्यायामाच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढलेली जाणवते, पण ती वाढ प्रामुख्याने स्नायूंच्या आकाराची नसते; मेंदू आणि मज्जातंतू आहेत त्याच स्नायूतंतूंना अधिक संख्येने आणि अधिक सुसूत्रपणे कामाला लावायला शिकत असतात. स्नायू त्याहून सावकाश भरतात, आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडर, म्हणजे टेंडन, तर त्याहूनही सावकाश बळकट होतात, कारण त्यांना रक्तपुरवठा कमी असतो. म्हणजे दोन महिन्यांनी तरुणाला जे वजन सहज उचलेल असे वाटते ते त्याचे स्नायू उचलू शकतात, पण कोपराचे आणि खांद्याचे कंडर अजून त्या तयारीचे नसतात, आणि बेंच करताना, म्हणजे बाकावर उताणे पडून छातीवरून वजन वर ढकलताना, खांद्याच्या पुढच्या बाजूला सुरू होणाऱ्या दुखण्याचे मूळ बहुधा इथे सापडते. यावर प्रशिक्षकाने वापरलेली युक्ती मराठीतल्या एका वाक्प्रचारात बसते. एरवी हातचे राखून काम करणारा माणूस कामचुकार समजला जातो. बलसंवर्धनात मात्र प्रत्येक फेरी हातची दोन आवर्तने राखूनच संपवावी लागते, म्हणजे दहा वेळा उचलता येईल ते वजन आठ वेळा उचलून खाली ठेवावे लागते. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक दिवशी पाच-सहा व्यायाम आणि प्रत्येकाच्या दोन-तीन फेऱ्या एवढ्यावर बहुसंख्य पुरुषांची पहिले वर्षभर चांगली प्रगती होते, आणि रोज दोन तास घाम गाळणाऱ्यांपेक्षा हे लोक वर्षअखेरीस पुढे गेलेले दिसतात, कारण त्यांची मेहनत पचलेली असते.

भार हळूहळू वाढवत नेण्याच्या तत्त्वाला शास्त्रात उत्तरोत्तर भारवृद्धी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांचे दुबळे झालेले पाय पूर्ववत करण्यासाठी थॉमस डिलॉर्म या लष्करी डॉक्टराने त्याची पद्धतशीर मांडणी केली आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे आपल्या सहकाऱ्याबरोबर त्याने सुचवलेली दहा-दहा आवर्तनांच्या तीन फेऱ्यांची रीत, ज्यात पहिली फेरी निम्म्या भाराने, दुसरी पाऊण भाराने आणि तिसरी पूर्ण भाराने करायची असते, आजही जगभर चालते. तत्त्व सोपे आहे, पण ते पाळायला लागणारे साहित्य अनेकदा हाताशी नसते, आणि ही अडचण पुस्तकांत फारशी आढळत नाही. व्यायामशाळेतील सर्वांत लहान प्लेट अडीच किलोंची होती. रॉडच्या दोन्ही बाजूंना ती लावली की भार एकदम पाच किलोंनी वाढे. स्क्वॉटमध्ये शंभर किलो घेणाऱ्याला ही वाढ पाच टक्के पडे, पण डोक्यावर पंचवीस किलो उचलणाऱ्याला तीच वीस टक्के पडे, आणि मग तो तरुण कंबर मागे वाकवून, गुडघ्यांचा झटका देऊन ते वजन कसेबसे वर नेई. महिनोन्‌महिने पंचवीसवरच अडकलेल्या या मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता. अखेर प्रशिक्षकाने शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवर बिडाच्या अर्ध्या किलोच्या चकत्या कातून घेतल्या. तळहातात मावेल एवढी प्रत्येक चकती तराजूवर ठेवून पाहिली, जास्त भरलेल्या पुन्हा लेथवर चढवून घासल्या, मधले भोक रॉडच्या मापाला अचूक बसवून घेतले आणि चकत्यांवर पिवळा रंग दिला. आता डोक्यावर उचलायचे वजन दर आठ-दहा दिवसांनी एक किलोने वाढवता येऊ लागले, आणि जे सहा महिने पंचवीसला अडकले होते ते पुढच्या सहा महिन्यांत चाळीसच्या घरात पोहोचले. लहान चकती घेण्यात सुरुवातीला मुलांना कमीपणा वाटे. रॉडला आणखी काही लावल्याचे समोरच्याला दिसतही नाही, अशी त्यांची तक्रार असे. वहीत दर आठवड्याला बदलत जाणारा आकडा पाहिल्यावर ती थांबली. ही वही, जिच्यात तारीख, व्यायाम, वजन आणि आवर्तने एवढेच चार रकाने असतात, कोणत्याही महागड्या यंत्राहून अधिक उपयोगी आहे, असे प्रशिक्षकाचे ठाम मत आहे.

पुरुषांच्या कंबरदुखीचा विषयही याच वहीतून पुढे आला. व्यायामाने कंबर धरली अशी तक्रार करणाऱ्यांकडे त्यांच्या वहीतील नोंदी समोर ठेवून चौकशी केली, तेव्हा त्यांच्यातील बरेच जण व्यायामशाळेत नव्हे तर घरात दुखावलेले निघाले. कोणी भरलेला गॅस सिलिंडर उचलताना, कोणी वीस लिटरचा पाण्याचा जार खांद्यावर घेताना. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसह त्याचे वजन तीस किलोंच्या आसपास जाते. वर्षभर बसून काम करणारा माणूस तो सिलिंडर गुडघे ताठ ठेवून, पाठीची कमान करून आणि वरून अंग पिळून उचलतो, तेव्हा कण्याच्या खालच्या मणक्यांवर त्या तीस किलोंच्या अनेक पट भार येतो. यावरचा उपाय म्हणजे कमरेतून न वाकता खुब्यातून वाकायला शिकणे. प्रशिक्षक हे एका साध्या लाकडी काठीने शिकवतो. काठी पाठीवर उभी धरायची, ती डोक्याच्या मागच्या भागाला, पाठीच्या वरच्या फुगवट्याला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. मग गुडघे थोडे सैल सोडून, मागे असलेले दार नितंबांनी लोटायचे आहे अशा रीतीने खुबे मागे न्यायचे आणि धड पुढे झुकवायचे. तिन्हींपैकी एक जागा सुटली की माणूस पुन्हा कमरेतून वाकला असे समजावे. चाळिशीतल्या माणसांची बहुधा माकडहाडाची जागा आधी सुटते. दोन-तीन आठवडे रोज पाच मिनिटे हे केल्यावर त्याच हालचालीत हातात आधी रिकामा रॉड आणि मग हळूहळू भार दिला जातो, आणि डेडलिफ्ट या नावाने ज्याची धास्ती घेतली जाते तो व्यायाम हाच.

चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांना स्नायूंची गरज तरुणांहून अधिक आहे, आणि भारतीय पुरुषांना तर विशेष, याचे एक प्रसिद्ध उदाहरण पुण्याशी निगडित आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन या दोघांचा देहभारांक, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजनाचे माप, अगदी सारखा, २२.३ होता, पण शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. दोघांच्या छायाचित्रासह ही तुलना २००४ मध्ये एका आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि वरून सडपातळ, आतून चरबीदार अशा भारतीय शरीरठेवणीची ती जणू खूणच ठरली. जेवणानंतर रक्तातील साखर सामावून घेणारे शरीरातील सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. ते कोठारच लहान असेल तर वजनकाटा काहीही म्हणो, मधुमेहाची वाट सोपी होते. म्हणून या वयाच्या पुरुषांचे वजन करण्याआधी बेंबीच्या पातळीवर टेप लावून पोटाचा घेर मोजला जातो, आणि तो ९० सेंटिमीटरहून अधिक असेल तर चालण्याच्या जोडीला पाय आणि पाठ यांच्या मोठ्या स्नायूंचे व्यायाम सुचवले जातात. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमांच्या व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातील चालण्याचा भाग सर्वांना ठाऊक आहे, दोन दिवसांचा भाग मात्र कोणाच्या गावीही नसतो. रक्तदाब असलेल्यांना वजन उचलताना श्वास कोंडू नका, वर नेताना सोडा, हे दर फेरीला सांगावे लागते, कारण कोंडलेल्या श्वासाने रक्तदाब क्षणभर फार वर चढतो. आणि छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण दम लागणे असे काही पूर्वी जाणवले असेल तर आधी हृदयाची तपासणी, मग रॉड. यात कोणाचीही भीड धरली जात नाही.

आहाराबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, कारण त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि नियमित वजन उचलणाऱ्याने दीडपट ते दुप्पट धरावी असे तज्ज्ञ सर्वसाधारणपणे मानतात. पासष्ट किलोंच्या माणसाला ऐंशी ते शंभर ग्रॅम पुरे होतात. अर्धा लिटर दूध, दोन-तीन अंडी किंवा मूठभर फुटाणे, दोन वेळच्या जेवणात घट्ट वरण वा उसळ, भाकरी आणि दही एवढ्यावर माणूस या आकड्याच्या बराच जवळ जातो, आणि पावडर ही सोय आहे, गरज नाही. तालमीतली बदामाची थंडाई पिऊन वजन वाढवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की बदामात प्रथिनांहून स्निग्धांश दुपटीहून जास्त असतो, आणि दिवसाला पाच-सहा तास अंगमेहनत करणाऱ्या पैलवानाला जे पचते ते दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या पोटावर साठते.

इंजेक्शनांबद्दल मात्र सौम्य भाषा वापरता येत नाही. व्यायामशाळांच्या आसपास ‘कोर्स’ या निरुपद्रवी नावाने जे विकले जाते ते पुरुषी संप्रेरकाची, टेस्टोस्टेरॉनची, कृत्रिम रूपे असतात. ती बाहेरून मिळू लागली की मेंदू वृषणांना काम थांबवण्याचा निरोप देतो, वृषणे आकसतात, शुक्राणूंची संख्या कोसळते, आणि हृदयाच्या भिंती जाड होऊ लागतात. दुसरे औषध मेफेंटर्माइन, जे भूल दिलेल्या रुग्णाचा घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी शस्त्रक्रियागृहात वापरायचे असते, ते तरुण अंगात तरतरी यावी म्हणून व्यायामाआधी टोचून घेतात. लग्नानंतर तीन वर्षे मूल होत नाही म्हणून तपासणीला गेलेला आणि अहवाल हातात घेऊन प्रशिक्षकासमोर नुसता बसून राहिलेला पुरुष ज्याने पाहिला, तो या विषयावर गप्प राहू शकत नाही. त्या पुरुषाने कोर्स दुसरीकडे घेतला होता, पण त्याचे दंड भराभर वाढत होते तेव्हा ते याच व्यायामशाळेत वाढत होते, आणि तेव्हा त्याला कोणी काही विचारले नव्हते. आता विचारले जाते. महिन्याभरात बेंचचे वजन वीस किलोंनी वाढले, पाठीवर अचानक पुटकुळ्या उठल्या, स्वभाव चिडका झाला, असे काही दिसले की मुलाला एकटे गाठून सरळ प्रश्न केला जातो. काही जण उत्तर देतात, काही व्यायामशाळा बदलतात. स्वतःहून सांगणाऱ्याला आधी डॉक्टरांकडे पाठवले जाते, कारण औषध एकाएकी बंद केल्यावर येणारे नैराश्य आणि थकवा यांना तोंड देणे एकट्याच्या आवाक्यातले नसते.

साठीपुढच्या पुरुषांचा गट व्यायामशाळेत सर्वांत उशिरा सुरू झाला. वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. ती तिशी-चाळिशीतच मंदपणे सुरू होते आणि साठीनंतर वेग घेते. ही झीज अटळ असली तरी तिला अडवता येते, हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगाने ठळकपणे दाखवले. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल स्त्री-पुरुषांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम देण्यात आला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रशिक्षकाने हा आकडा वाचला होता, तरी निवृत्त पुरुषांना प्रत्यक्ष वजन द्यायला तो कचरत होता आणि त्यांना हात फिरवणे, मान वळवणे असल्या हलक्या कसरतींवरच ठेवत होता. एका सकाळी व्यायामशाळेत सत्यनारायणाची पूजा होती आणि सर्वांसाठी सतरंजी अंथरली होती. निवृत्त शिक्षक असलेले एक काका प्रसाद घेऊन मांडी घालून बसले, आणि उठायच्या वेळी त्यांनी आधी एक हात जमिनीवर टेकवला, मग दुसरा, मग गुडघ्यावर येऊन आधारासाठी इकडेतिकडे पाहिले; शेजारी धरण्यासारखे काही नव्हते आणि कोणाला हाक मारणे त्यांना रुचत नव्हते, म्हणून पूजा आटोपून माणसे पांगेपर्यंत ते पुन्हा बसून राहिले. त्यांचे वय ६८ होते आणि रक्ताचे सगळे अहवाल उत्तम होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा व्यायाम बदलला. प्रथम उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणे, मग खुर्चीऐवजी बुटके स्टूल, मग छातीशी पाच किलोंची प्लेट धरून तेच. सोबत दोन्ही हातांत वजन घेऊन वीस पावले चालणे आणि भिंतीला धरून एका पायावर उभे राहणे. त्यांच्याही वहीत त्याच पिवळ्या चकत्यांचे आकडे पडू लागले. पाचव्या महिन्यात ते सतरंजीवरून एक हात टेकवून उठले, आठव्या महिन्यात हात न टेकवता. दर शनिवारी या गटातील सर्वांनी खाली बसून, गप्पा मारून, आपले आपण उठायचे, हा पाठ तेव्हापासून चालू आहे, आणि त्या दिवशी व्यायामशाळेतल्या खुर्च्या मुद्दाम आतल्या खोलीत ठेवल्या जातात.